वाणाच्या मागे क्यूआर कोड

ऐकलंत का? यंदाच्या संक्रांतीला गणपती आळीतल्या एका घरी जे वाण लुटलं, त्याच्या पाठीवर क्यूआर कोड होता. वरून बघाल तर निळाशार कोस्टर, कडेला सोनेरी वर्ख, आत सुकवलेलं एक फूल. उलटा केला की काळे-पांढरे चौकोन. घरची सून हळदीकुंकू लावता लावता प्रत्येकीला सांगत होती, "काकू, स्कॅन केलंत की बाकीची डिझाइनं दिसतील. सहाचा सेट घेतला तर ट्रे त्यातच." आमच्या शेजारच्या काकूंनी तिळगूळ तोंडात टाकला होता, तो चघळायचा राहून गेला. सगळा जन्म त्यांनी हळदीकुंकवं केली. प्लास्टिकचे डबे आले, स्टीलच्या वाट्या आल्या, कापडी पिशव्या आल्या, त्यांनी सगळं पदरात घेतलं. पण वाणाबरोबर दरपत्रक घरी आणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

बाहेर पडल्यावर चपला शोधता शोधता जी चर्चा झाली, ती मी इथे जशीच्या तशी देऊ शकत नाही. सार एवढंच, की कलियुग सुरूर फाट्यावरून आत वळलं आणि थेट वाईत येऊन उतरलं.

पूर्वी कसं होतं? कुणाच्या हातात काय आहे ते आळीला ठाऊक असायचं. अमकी रांगोळी सुरेख काढते, तमक्याचं अक्षर मोत्यासारखं, ढमकीच्या विणकामाला तोड नाही. एवढं चारचौघांत म्हटलं की कलेचं देणं फिटलं. मुलगी बघायला येणाऱ्यांना भिंतीवरचं भरतकाम दाखवायचं आणि लग्न ठरलं की ते माळ्यावर टाकायचं. मुलाने एलिमेंटरी-इंटरमिजिएट द्यायची ती दहावीला जादा गुण मिळतात म्हणून. गुण पदरात पडले की रंगपेटी धाकट्या भावाकडे आणि पोरगा सायन्सला. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं.

आणि आता? रांगोळीवाली पोर्ट्रेट रांगोळी काढते आणि चौरस फुटावर पैसे घेते. अक्षरवाला कॅलिग्राफर झाला. पत्रिकेच्या पाकिटावर नावं घालायची तर नावामागे भाव सांगतो, आणि 'सहकुटुंब सहपरिवार' वेगळं धरतो. विणकामवाली क्रोशाची सूर्यफुलं विकते. ती सुकत नाहीत, त्यांना वासही येत नाही, तरी कॉलेजातली पोरं एकमेकांना देतात म्हणे. ज्यांना यातलं काहीच येत नाही त्या मंडला काढतात. ज्यांना मंडलाही येत नाही त्या लिप्पन करतात. कच्छमधल्या गोल मातीच्या घरांच्या भिंतींवर माती आणि शेण कालवून, त्यात आरशाचे तुकडे बसवून जे काम करतात ते लिप्पन. आमच्याकडे ते एमडीएफच्या गोल पाटावर, पाकिटातल्या तयार क्लेने होतं. वाई तालुक्यात शेणाला काही तोटा नाही. पण पार्सल अहमदाबादहून येतं. जाऊ दे, आपल्याला काय करायचंय?

या सगळ्यावर कडी केली ती वरमालेने. लग्नातला हार दोन दिवस खुंटीला लटकायचा आणि मग कृष्णेत जायचा, ही आपली रीत. आता तो मांडवातून थेट कुरिअरने निघतो आणि महिन्याभराने रेझिनच्या पारदर्शक चौकटीत गोठून परत येतो. खाली दोघांची नावं आणि तारीख. "तारीख कशाला? भांडताना दाखवायला?" असं एका आजोबांनी विचारलं, त्यावर कुणी बोललं नाही. आणि हार तर काहीच नाही. बाळाची गळून पडलेली नाळ रेझिनमध्ये घालून लॉकेट करतात. पहिल्या जावळाचं करतात. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे आईच्या दुधाची पूड करून त्याचा मोत्यासारखा खडा घडवतात आणि अंगठीत बसवतात! हे ऐकून धर्मपुरी आळीतल्या एका आजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. थोड्या वेळाने एका कानावरचा हात काढून त्यांनी विचारलं, "पण टिकतं का?"

टिकतं. कसं टिकतं ते मी जवळून बघितलंय, म्हणून सांगते. मेणवलीच्या रस्त्याला एका घराच्या मागच्या खोलीत हे काम चालतं. मुलगी बी.कॉम. एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसायची, ते सोडलं. (सोडलं! कायम झाली असती!) हार आला की ती आधी दोरा कापून फुलं सुटी करते. त्यातली निम्मी मांडवातच चुरगळलेली असतात, कारण नवऱ्याच्या मित्रांनी नवऱ्याला उचललेलं असतं आणि मग मामांनी नवरीला. बरी फुलं निवडून डब्यात सिलिका जेलच्या बारीक खड्यांत पुरायची. एकेक पाकळीच्या आतपर्यंत खडे गेले पाहिजेत, नाहीतर फूल पिचून बसतं. आठ-दहा दिवसांनी उघडायचं. लाल गुलाब तोवर काळपट झालेला, निशिगंध पिवळट. नवरीने पांढरा हार आठवणीत ठेवलेला असतो, तिला हे आधीच फोनवर समजावून सांगावं लागतं आणि तरी ती रडते.

मग साचा. तो पाणसळ लावून सपाट बसवायचा. रेझिन आणि हार्डनर मोजून घ्यायचं, डब्यावर लिहिलं असेल त्या प्रमाणात, डोळ्याच्या अंदाजाने नाही. चमचाभर इकडेतिकडे झालं तर थर महिनाभर चिकटच राहतो आणि आतला हार तसाच अडकतो. हळूहळू ढवळायचं, जोरात ढवळलं की बुडबुडे. तरी येतातच. मग वरून गरम हवेचा झोत फिरवून ते फोडायचे. एकदम जाड थर ओतला तर आतल्या आत तापतो, धूर निघतो, तडा जातो. म्हणून पातळ थर, चोवीस तास थांबा, पुन्हा थर. तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी. पण खिडकी उघडी ठेवली की धूळ आणि एखादं चिलट, जे मग त्या दांपत्याच्या भिंतीवर जन्मभर राहणार. जुलै-ऑगस्टात तर विचारूच नका. पाचगणीवरून ढग खाली उतरले की पसरणी घाटापासून इथपर्यंत हवा ओली, थर दुधाळ होतो. त्या दिवसांत ती खोलीत हीटर लावते. शेवटी कडा पाण्याखाली धरून घासायच्या, जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत, आणि मग पॉलिश.

याचे ती साडेतीन हजार घेते. ऐकून एका नवऱ्या मुलाच्या मावशीने जे वाक्य उच्चारलं ते सोन्याच्या अक्षरात लिहून, हवं तर रेझिनमध्येच घालून ठेवावं. मावशी म्हणाली, "अगं पण फुलं तर आमचीच!"

आता गंमत बघा. हीच मावशी, हेच लग्न. लग्नाआधी नवरानवरीला घेऊन पुण्याचे फोटोवाले मेणवलीच्या घाटावर आले. ड्रोन उडवला, धुराच्या नळकांड्या पेटवल्या, नवरीला घाटाच्या पायऱ्यांवरून झग्याचा घोळ सांभाळत पळायला लावलं. त्यांनी जो आकडा सांगितला तो मावशींनी मुकाट ऐकला, आगाऊ रक्कम दिली, वर जेवायला घातलं. तिथे "घाट आमचाच" असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. हार मात्र शेजारच्या आळीतल्या पोरीने केला, तिच्या आजीला आपण ओळखतो, तिची आई आपल्याबरोबर भिशीत आहे, तेव्हा साडेतीन हजार म्हणजे लूटमार. साहित्याचे दीड हजार वजा करा, कुरिअरचे वजा करा, तडा गेलेली आणि पुन्हा ओतलेली चौकट धरा, मग तीन आठवडे त्या खोलीत जाऊन बसण्याचं काय उरतं ते तुम्हीच काढा. मावशींनी शेवटी पाचशे कमी केले आणि वर एक कीचेन मागून घेतलं.

सरकारदरबारीही याची गंमतच आहे. पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली २०२३ साली, हाताने काम करणाऱ्या अठरा व्यवसायांसाठी. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. फुलांचे हार करणारा माळीही आहे. हार ओवला तर तुम्ही विश्वकर्मा, तोच हार जपला तर यादीत जागा नाही. पण ही तक्रार करायला जाणार कुठे? तिथला साहेबसुद्धा आधी विचारील, "घरी बसून काहीतरी करता ना?"

खरं तर वाईने कलेच्या पैशावरून एवढं नाक मुरडावं हाच विनोद आहे. हे गाव उभंच राहिलं ते मोल देऊन करून घेतलेल्या हातकामावर. पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी देवळं बांधली, घाट बांधले. १७६२ सालचं ढोल्या गणपतीचं देऊळ आजही कृष्णेच्या पुराला पाठ देऊन उभं आहे. ती पाठ नदीच्या अंगाला मत्स्याकार निमुळती घडवणाऱ्याला 'तुमचा छंद छान आहे हो' म्हणून कुणी नारळ देऊन वाटेला लावलं नसणार. मोतीबागेतल्या वाड्याच्या भिंती रंगवल्या गेल्या, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात चित्रं काढली गेली. नाना हिशेबाला किती पक्के ते मी सांगायला नको. त्यांच्या दफ्तरात दाण्यापाण्याचाही हिशेब. चितारी उपाशी ठेवून भिंती रंगल्या, असं काही कुणी ऐकलेलं नाही.

आणि सिनेमा! त्या बाबतीत तर वाईने बोलूच नये. 'मृत्युदंड'पासून 'गंगाजल', 'ओंकारा', 'दबंग' इथे झाले. बिहार हवा असेल तर वाई, उत्तर प्रदेश हवा असेल तर वाई, 'चेन्नई एक्स्प्रेस'च्या वेळी तमिळनाडूही वाईच. 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आपली मेणवली. गर्दीत कोण उभं होतं? तुमचेच काका. धोतर नेसून, डोक्याला गमछा गुंडाळून, दिवसभर उन्हात पंचायतीला बसले, संध्याकाळी रोख घेतले, आणि आजही चित्रपट टीव्हीवर लागला की सगळ्यांना गप्प करून स्वतःची पाठ दाखवतात. त्याला आळीने कधी धंदा म्हटलं नाही. कौतुकच केलं. वाडा भाड्याने दिला त्याचं कौतुक, बैलगाडी दिली त्याचं कौतुक, गाडीच्या बैलांचंसुद्धा कौतुक. पैसे मुंबईहून आले की ते कलेचे असतात. आळीतल्या आळीत मागितले की सुनेला हाव सुटलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुणालाही तोंडावर सांगेन. म्हणजे, मावशी सोडून.

पसरणी इथून हाकेच्या अंतरावर. १९२३ साली तिथे कृष्णराव साबळे जन्मले. गळ्यात गाणं होतं, तेव्हाच्या घरांत ते ज्या नजरेने बघितलं जायचं त्याच नजरेने बघितलं गेलं असणार. पुढे ते शाहीर साबळे झाले, मुंबईत मुक्तनाट्यं केली, 'महाराष्ट्राची लोकधारा' गावोगाव नेली, पद्मश्री मिळाली. राज्याने २०२३ साली जे राज्यगीत ठरवलं ते आपल्या कानात त्यांच्याच आवाजात आहे. आता पसरणीत विचारा, प्रत्येक जण सांगेल की आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. पहिल्यापासून माहीत असणाऱ्यांची संख्या पद्मश्रीनंतर नेहमीच वाढते.

थोडं कृष्णेबरोबर खाली सांगलीकडे चला. तिथला किस्सा तर या सगळ्या प्रकरणाचा मूळपुरुष. विष्णुदास भावे हा तरुण. गोष्टी रचायचा, बाहुल्या करायचा नाद. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी त्याला नाटक करायला सांगितलं आणि १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं. राजाचा आश्रय होता तोवर सगळं सोवळं. १८५१ साली चिंतामणराव गेले आणि आश्रय आटला. मग भाव्यांनी काय केलं? मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तिकीट! सीतेच्या स्वयंवराला! मराठी माणसाने छंदाला दर लावला तो असा, वरचा हात निघून गेल्यावर आणि मंडळींची पोटं समोर बसल्यावर. आज त्या पहिल्या प्रयोगाच्या तारखेला, ५ नोव्हेंबरला, आपण रंगभूमी दिन साजरा करतो. नाटकात जाणं म्हणजे पोरगा बिघडणं, ही समजूत मात्र त्यानंतरही तीन-चार पिढ्या गुण्यागोविंदाने नांदली.

मिरजेचे शिकलगार तलवारींना धार लावायचे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा तेच हात भोपळा कोरून सतार-तंबोरा करू लागले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांना कुणी विचारलं नाही की हा छंद आहे की व्यवसाय.

उलट दिशेचंही उदाहरण आहे, ते मला फार आवडतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकला सोडून ते यंत्रांची रेखाचित्रं शिकले, सायकली विकल्या, नांगर केले, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. जागा दिली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. हे राजे स्वतः चित्रं काढायचे, चित्रकार पदरी बाळगायचे, आणि त्यांनी औंधच्या डोंगरावर जे संग्रहालय उभारलं त्यात राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंत सगळे आहेत. म्हणजे चित्रकार राजाने चित्रकार होऊ न शकलेल्या माणसाला कारखान्याला जागा दिली. त्याच औंधात पंडित सातवळेकर येऊन राहिले. वेदांचे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी हैदराबाद-लाहोरला ते माणसांची चित्रं काढून उत्तम कमवत होते. घरातल्या पोराने 'मी आर्टला जातो' म्हटलं की बापाने यांपैकी नेमकं कोणाचं नाव घ्यायचं, हा प्रश्न आहे. बहुतेक बाप लक्ष्मणरावांचंच घेतात.

बरं, या गदारोळात एका जातीचे कलावंत कुणाला आठवतच नाहीत. आपल्या गावातले पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, शाळेवरचे सुविचार, यात्रेतले पडदे. अर्ध्या भिंतीवर सुतळीने रेघ मारून, शिडीवर उभं राहून, तोल सांभाळत 'प्रो.' आणि 'आमची कुठेही शाखा नाही' लिहिणारे हात. ते छंदातून आले नव्हते, करिअर हा शब्द त्यांना कुणी दिला नाही, आणि फ्लेक्स आलं तेव्हा दोन-चार वर्षांत त्यांचं काम गेलं. त्यांच्यासाठी कुणी कार्यशाळा घेतली नाही. आता कॅफेवाले पुण्याहून माणूस आणून भिंतीवर मुद्दाम जुन्या ट्रकसारखी अक्षरं रंगवून घेतात, आणि त्याला फुटाप्रमाणे जे देतात ते ऐकून आपल्या पेंटरकाकांनी एकदा नुसतं डोकं खाजवलं.

कार्यशाळेवरून आठवलं. खरी खमंग गोष्ट तर ही आहे, पण ती हळू आवाजात. या सगळ्या रेझिन-मंडला-लिप्पन प्रकरणात पैसे सुटतात कुणाला, माहितेय? वस्तू विकणारीला नाही, शिकवणारीला. एकदिवसीय वर्कशॉप, साहित्य आमचं, प्रमाणपत्रासह, दुपारी चहा-बिस्कीट. तिथे वीस जणी शिकतात. वीस घरांत किती कोस्टर लागणार? पहिल्या चौघींच्या पुरवठ्यातच आळ्या बुडतात. मग उरलेल्या सोळा जणी काय करणार, त्याही वर्कशॉप घेणार. साताऱ्याला, कराडला, फलटणला. कराडला शिकलेल्या इस्लामपूरला जातात. मी एका वर्कशॉपच्या जाहिरातीत वाचलं की 'वर्कशॉप कसं घ्यावं' याचंही वर्कशॉप आहे. आणि या सगळ्यांच्या वर बसलाय तो रेझिनच्या डब्यांचा विक्रेता. तो स्वतः एकही कोस्टर करत नाही आणि शांत झोपतो.

धोमच्या धरणाकडे तर शनिवार-रविवार जाऊच नका. फार्महाउसवर 'आर्ट रिट्रीट' असतात. पुण्या-मुंबईचे आयटीवाले येतात, मोबाइल टोपलीत ठेवतात, आणि दोन दिवस शांतपणे रंग कालवतात, म्हणजे जे आपल्या बालवाडीत फुकट चालतं ते. मेणवलीच्या घाटावर जलरंगवाल्यांची तर रांगच. त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यातले काही खरोखर पोचलेले असतात. पुण्याच्या मिलिंद मुळीकांनी इंजिनीअरिंगची पदवी घेऊन जलरंगच धरला, ज्योत्स्ना प्रकाशनाने त्यांची पुस्तकं काढली, आणि मग महाराष्ट्रभर घरटी एक माणूस ओल्या कागदावर घाटाच्या पायऱ्या उतरवू लागला. हरकत नाही. पण परवा एक वेगळाच प्रकार झाला. एक गृहस्थ स्टूल टाकून बसले होते. समोर आमची एक बाई रोजच्यासारखी कपडे आपटत होती. त्यांनी तिला सांगितलं, "ताई, जरा तसंच वाकून राहता का?" ती राहिली. दहा मिनिटं राहिली. मग कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि विचारलं, "हे विकणार का तुम्ही?" गृहस्थ म्हणाले, विकलं गेलं तर. "मग माझं?" ते हसले. ती हसली नाही. शेवटी शंभराची नोट निघाली. आता घाटावर दर ठरलाय: पाठमोरी पन्नास, समोरून शंभर, आणि नऊवारी नेसून यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. या बाईला करिअर कौन्सेलिंग कुणी केलं, याचा शोध आळी घेते आहे.

आणि आता शेवटची बातमी, जिच्यामुळे गणेश मंडळात दोन बैठका झाल्या. प्रत्येक गावात असतात तसे आपल्याकडेही ड्रॉइंगचे सर आहेत. निवृत्त. शाळेत होते तोवर स्नेहसंमेलनाचे पडदे सरांनी रंगवले, व्याख्यानांचे फलक सरांनी लिहिले, कृष्णाबाईच्या उत्सवाच्या कमानी सरांनी सजवल्या, चार आळ्यांतल्या मुंजी-लग्नांच्या 'सुस्वागतम्'च्या पाट्या सरांनी कातरल्या, गणपतीची आरास तर दरसाल सरांचीच. मोबदल्यात शाल मिळायची. सरांकडे इतक्या शाली साठल्या की त्यांनी त्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या.

यंदा मंडळाची पोरं नेहमीप्रमाणे गेली. सरांनी चहा दिला आणि एक कागद पुढे केला. सुंदर अक्षरात, समासासह. पडदा, चौरस फुटाप्रमाणे. फलक, ओळीप्रमाणे. थर्मोकोल घेणार नाही. रात्री अकरानंतरच्या कामाला दीडपट. आणि सगळ्यांत खाली लाल शाईने: 'माजी विद्यार्थी असल्यास दर दुप्पट, कारण तुम्ही वर्गात काय केलंत ते मला आठवतं.'

पोरं पांगलीच. अध्यक्षांनी बैठक बोलावली. एक गट म्हणाला, सरांना वयाने भ्रम झाला. दुसरा म्हणाला, सुनेने फूस लावली, ती मंडला करते. तिसरा म्हणाला, फ्लेक्स आणू. फ्लेक्स आणलं. त्यावर 'गणेशोत्सव'मधला 'त्स' तुटून 'त' आणि 'स' वेगवेगळे पडले आणि ते सगळ्या गावाने वाचलं. तेव्हा खजिनदार वर्गणीचं पुस्तक घेऊन सरांकडे गेला, म्हणाला, "सर, यंदाची वर्गणी एकवीसशे." सरांनी मुकाट्याने पाकिटातून एकवीसशे काढून दिले, पावती घेतली, खिशात घातली. मग टेबलाच्या खणातून आपलं नवं छापलेलं बिलबुक काढलं, 'फलक दुरुस्ती, एक अक्षर' असं लिहिलं, समोर एकवीसशेचा आकडा घातला, आणि खजिनदाराला विचारलं, "रोख देताय की स्कॅन करताय?"